वाचकांचे प्रश्न : हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

प्रश्न : आई-वडिलांसह दोन दिवस हरिहरेश्वरला जाणार आहोत. देवदर्शनाखेरीज पायी काय पाहता येईल?

उत्तर : आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम आटोपला, की देवळामागच्या पायऱ्या चढून प्रदक्षिणेच्या वाटेला लागावे. दोन उंच कातळभिंतींमधून ही वाट थेट समुद्राकडे उतरते, आणि खाली लाटांनी व खाऱ्या वाऱ्याने पोखरून मधाच्या पोळ्यासारखी जाळी पाडलेले खडक दिसतात. मात्र ही वाट ओहोटीलाच चालावी. भरतीत आणि पावसाळ्यात तिकडे फिरकूही नये. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी नवाच्या आसपास. तरीही देवळापाशी विचारूनच उतरावे. शेवाळलेल्या दगडांवरून पाय घसरतो, तेव्हा आई-वडिलांना पायऱ्यांच्या माथ्यावरूनच समुद्र दाखवणे बरे.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरावे. तिथून बाणकोटचा किल्ला आणि नाना फडणवीसांचे वेळास गाठता येते. मार्चमध्ये गेलात, तर कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसण्याची शक्यता असते.