हातात सत्ता नाही, पैसा नाही. नुसत्या कल्पकतेने समाज बदलता येतो का?

येतो. मी अमरावतीकडचा, त्यामुळे मला आधी गाडगेबाबाच आठवतात.

बाबा १८७६ साली शेंडगावात जन्मले. वडील दारूपायी गेले, लहानपण मामाकडे दापुऱ्याला गेलं. पुढे मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मटण-दारूची पंगत घालायची, तर या माणसाने गोडाचं जेवण वाढलं. १९०५ मध्ये घर सोडलं. मग कुठल्याही गावात शिरले की खराटा घेऊन रस्ता झाडायला लागायचे, कुणाला हाक न मारता. चिंध्या पांघरलेला परका माणूस आपल्या दारातली घाण काढतोय म्हटल्यावर ओट्यावर बसून राहणं जड जातंच.

रात्री कीर्तन. त्याची रीत नीट बघा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. बाबा सांगायचे कमी, विचारायचे जास्त, तेही वऱ्हाडीत. देवाला आंघोळ कोण घालतं? निवद कुत्र्यानं पळवला तर काठी कोण उचलतं? समोरून एका आवाजात उत्तर यायचं. मग हळूच नवसाच्या बोकडाचा विषय निघायचा. तोवर अर्धी कबुली लोकांच्याच तोंडून निघालेली असायची, आणि आपल्याच शब्दाशी भांडणार कोण?

शिक्षणाबद्दलही ते नुसतं 'पोरं शिकवा' म्हणून थांबले नाहीत. जेवायचं ताट मोडा, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असं सांगायचे. ऐकणाऱ्याला घरातलं ते एकुलतं ताट डोळ्यांसमोर दिसायचं. माझ्या आजोबांना वयाच्या ऐंशीतही हे वाक्य पाठ होतं.

यामागे विश्वासही होता, तो विसरू नका. देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण बाबांनी स्वतःसाठी काही ठेवलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. हे नसेल तर नुसती कल्पकता म्हणजे जाहिरात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी होती आणि तिच्याच खाली उकिरडा. दंडाची भाषा करून झाली, भांडणं झाली. शेवटी आम्ही तिघांनी दर रविवारी सकाळी तिथे गुपचूप झाडायला सुरुवात केली. पाच रविवार कुणी ढुंकून पाहिलं नाही. सहाव्या रविवारी समोरच्या काकू फाटक उघडून आल्या, म्हणाल्या, "बाजूला व्हा, तुम्हाले झाडता येत नाही," आणि माझ्या हातातला खराटा घेतला.