तडा गेलेल्या सुरीचा फोटो बघून

अगं, तू घडवलेल्या सुरीचा फोटो मिळाला. धारेपासून निघून पार मध्यापर्यंत गेलेला तडा, आणि खाली तू लिहिलंयस की काका माझ्याच्यानं नाही होणार हे. म्हणून म्हटलं फोनवर दोन मिनिटांत उरकण्यापेक्षा नीट लिहावं.

आधी हे ऐक, घडाई चांगली झालीय. टोक सरळ निघालंय, पाठीची जाडी कुठं कमीजास्त नाही, माझी दुसरी सुरी याच्यापुढं भाकरी थापल्यासारखी दिसत होती. तू हातोड्यात चुकली नाहीस, आगीत चुकलीस. आणि आपण हौशी लोक बहुतेक आगीतच चुकतो, पण सगळ्यांना नाद हातोड्याचा, त्यामुळं भट्टीकडं कोण बघतच नाही.

तू म्हणालीस ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा होता, नारिंगी-पिवळा होईपर्यंत तापवला आणि थेट पाण्याच्या बादलीत. आपल्याकडं भंगारात मिळणारे पाटे बरेचदा ईएन ४५ नाहीतर तसल्याच स्प्रिंगच्या पोलादाचे असतात, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर आणि सोबत सिलिकॉन, ते तेलात घातलं तरी कडक होतं, पाण्याचा झटका त्याला सोसत नाही. त्यात इतकं तापवलं की आतला दाणा, म्हणजे पोलादातले बारीक स्फटिक, मोठा होतो, आणि दाणा मोठा झाला की काचेसारखं तडकतं. सुरी तड्यापाशी मोडून आतला भाग एकदा उन्हात धरून बघ, साखरेसारखी चरचरीत चमक दिसली तर समजायचं जास्त तापलं होतं. बारीक, राखाडी, मऊ दिसला तर दोष दुसरीकडं शोधू.

आता तू म्हणशील गावातला लोहार तर पाण्यातच बुडवतो, त्याला पाणी देणंच म्हणतात की. बरोबर आहे. पण तो काय करतो बघितलंयस का? अख्खं खुरपं नाही बुडवत, फक्त धार बुडवतो, लगेच बाहेर काढतो, विटेच्या तुकड्यावर घासून चकचकीत करतो आणि बघत बसतो. पाठीत राहिलेली धग हळूहळू धारेकडं सरकते, पोलादावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा रंग चढत येतो, आणि त्याला हवा तो रंग धारेवर पोचला की पुन्हा बुडवतो. आमच्याकडं रस्त्याच्या कडेला घिसाड्यांची पालं पडायची, बाई घण मारायची आणि म्हातारा सांडशीत कोयता धरून वळवायचा, मी शाळेतून येताना तासनतास तिथं उभा. पुढं इंजिनियरिंगला हीट ट्रीटमेंटचा पेपर दिला तेव्हा कळलं की हा म्हातारा दोन मिनिटांत जे करत होता त्यालाच टेम्परिंग म्हणतात, कडक पोलाद परत थोडं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. (पेपरात मार्क बेताचेच पडले ते सोड.)

तर पुढच्या वेळी असं कर. घडाई संपली की तीनदा नुसतं तापवून हवेत गार होऊ दे, दरवेळी आधीपेक्षा जरा कमी तापव, म्हणजे घण खाऊन आलेला ताण निघतो आणि दाणा परत बारीक होतो. ग्राइंडरचे आडवे ओरखडे धारेवर ठेवू नकोस, तडा तिथूनच सुरू होतो, उभी कानस मारून घे. धार एकदम पातळ करू नकोस, जुन्या एक रुपयाच्या नाण्याएवढी जाड राहू दे. मग स्पीकरमधलं लोहचुंबक तारेला बांधून भट्टीजवळ टांग. पोलाद साधारण ७७० अंशाला चुंबकाला चिकटायचं सोडतं, तिथून अगदी थोडं वर, एक छटा उजळ, की लगेच कोमट तेलात. तेल लोखंडी डब्यात, झाकण हाताशी, प्लास्टिकची बादली आणलीस तर हाकलून देईन. आणि हे सगळं दिवस मावळल्यावर कर. भर उन्हात लाल रंग दिसतच नाही, मग आपण तापवत राहतो, तापवत राहतो, तुझा फोटो दुपारचा आहे हे मी सावलीवरून ओळखलं.

गार झाल्यावर कानस घासून बघ, ती नुसती घसरली पाहिजे, चावली नाही पाहिजे. मग टेम्परिंगसाठी त्याच दिवशी ओव्हनमध्ये २०० अंशाला तासभर, दोनदा. उद्यावर टाकलं आणि ओट्यावरून खाली पडली तर दोन तुकडे.

गेल्या रविवारी आमची चौघांची भट्टी पेटली होती. एकाने, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालाय तो, जुन्या कानशीचं खुरपं केलं, इतकं देखणं की बायकोने बागेत वापरायलाच नकार दिला. दुसऱ्याने सळईला पीळ देऊन कंदील टांगायचे आकडे केले, सात केले, सातही वेगळ्या उंचीचे. मी स्वतःसाठी सांडशी करत होतो, रिव्हेटचं भोक एका बाजूला सरकलं आणि जबडा वाकडा बसला, तीन तास गेले. तरी तुला सांगतो, सुरी थोडे दिवस बाजूला ठेव आणि साध्या सळईचे आकडे कर. मऊ लोखंड आहे, तडकायचं भ्या नाही, आणि वीस आकडे होईतो कुठल्या रंगाला लोखंड कसं वागतं ते डोळ्यात बसतं. डमास्कस, म्हणजे थरावर थर जोडून नक्षी काढलेल्या पोलादाचे, व्हिडिओ बघून पाठवू नकोस, जोडाला लागणारा टाकणखार आणि चांगली पिवळी आच सांभाळता येईल तेव्हा बघू. आणि तलवार तर नाहीच. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमात येतात, घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे, मग कोयता कर ना, मजा तेवढीच येते.

ऐरणीसाठी रुळाचा तुकडा बघतेयस म्हणालीस. भंगारवाल्याकडं बिनकागदाचा घेऊ नकोस, रेल्वेच्या चोरीच्या मालाचा १९६६ चा वेगळा कायदा आहे, एका तुकड्यापायी नसती भानगड. मिळालाच रीतसर तर आडवा ठेवू नकोस, उभा गाड, घाव बरोबर वजनावर पडतो. जाड शाफ्टचा टुकडा पण चालतो.

एक गोष्ट मात्र ओरडून सांगायची आहे. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेलं, काहीच भट्टीत घालायचं नाही. मी एकदा पत्र्याचा पाइप घातला होता, पांढरा धूर निघाला, मी आपला वाकून बघतोय. संध्याकाळी मलेरियासारखी हुडहुडी भरली, दुसऱ्या दिवशी उतरलं म्हणून बरं, जस्ताचा धूर छातीत गेला होता. तसंच तापलेलं लोखंड ओल्या काँक्रीटवर टाकू नकोस, आतल्या पाण्याची वाफ होऊन टवका उडतो. माझ्या शेडमध्ये अजून खड्डा आहे, येशील तेव्हा दाखवतो.

येत्या रविवारी ये मग, पाच वाजता, ऊन उतरल्यावर. ती तडकलेली सुरी टाकून दिली नसशील तर घेऊन ये, मला आतला दाणा बघायचाय. वाटेत बाभळीच्या कोळशाचं पोतं मिळालं तर घे, पैसे मी देतो. सुती कपडे घाल, तो नायलॉनचा ट्रॅक सूट नको, आणि चपलेवर आलीस तर भट्टीजवळ उभं करणार नाही, नुसता भाता मारायला लावीन.

तुझा काका