वाचकांचे प्रश्न: शिकायच्या विमानाला एवढी मागणी कशी?

नाशिकजवळच्या ओझरला एचटीटी-४० या आपल्या पंख्याच्या ट्रेनर (शिकायच्या) विमानाची उत्पादनाची लाइन सुरू झाल्यापासून या सदराकडे ट्रेनर विमानांबद्दलची पत्रं वाढलीत. त्यातली पाच या वेळी घेतोय, पत्रं जागेसाठी थोडी छाटलीत पण भाषा वाचकांचीच ठेवलीय.

प्रश्न: मिलिटरी ट्रेनर विमानांचं मार्केट जोरात आहे म्हणतात. कोरिया विकतंय, इटली विकतंय, आता तुर्कस्तान पण उतरलंय. राफेल-सुखोईला मागणी असणारच, ते समजतं. पण शिकायच्या विमानात एवढा पैसा कोण टाकून राहिलं आणि कशासाठी, हे काही समजून नाही राहिलं.
— एक निवृत्त शिक्षक, त्रिमूर्तीनगर

उत्तर: सर, पहिलं कारण साधं आहे, विमानं म्हातारी झालीत. अमेरिकेचं टी-३८ टॅलन १९६१ पासून सेवेत आहे, ब्रिटनचं हॉक आणि फ्रान्स-जर्मनीचं अल्फा जेट ही दोन्ही १९७० च्या दशकात पहिल्यांदा उडाली, आपलं किरण तर १९६४ मध्ये. बदलायची वेळ बऱ्याच देशांवर साधारण एकाच काळात आली, त्यामुळं ऑर्डरी पण एकदमच निघायला लागल्या.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पूर्वी कुठलंही नवीन फायटर आलं की त्याचं दोन सीटवालं मॉडेल पण असायचं, मागे इन्स्ट्रक्टर, पुढे शिकणारा. अमेरिकेच्या एफ-२२ आणि एफ-३५ ला दोन सीटवालं मॉडेलच नाहीये. म्हणजे पोरगा किंवा पोरगी एफ-३५ मध्ये पहिल्यांदा बसते तेव्हा एकटीच असते, मागून कंट्रोल घ्यायला कोणी नाही. आणि त्या विमानाचा एका तासाचा खर्च ३० हजार डॉलरच्या पुढे जातो, म्हणून रडार कसं वाचायचं, दोन विमानांनी मिळून तिसऱ्याला कसं गाठायचं, हे जेवढं शिकवता येईल तेवढं आधीच्या स्वस्त विमानात शिकवून मोकळं व्हायचं असा सगळ्यांचा प्रयत्न आहे. त्यासाठी ट्रेनरचं कॉकपिट पण तसंच लागतं, मोठे स्क्रीन, हेल्मेटवर दिसणारी माहिती, आणि विमानात खरं रडार नसलं तरी स्क्रीनवर शत्रूचं विमान उभं करणारं सॉफ्टवेअर. इटलीच्या एम-३४६ ची मुख्य ताकद हीच आहे, इस्रायल आणि सिंगापूर दोघांनी ते घेतलंय.

तिसरं कारण म्हणजे ज्यांच्याकडे महागडं फायटर घ्यायला पैसा नाही ते ट्रेनरलाच बॉम्ब-मिसाइल लावून घेतात. कोरियाच्या टी-५० चं एफए-५० हे रूप असंच चाललंय, पोलंडनं २०२२ मध्ये ४८ घेतली, मलेशियानं २०२३ मध्ये १८.

पण हा धंदा सोपा नाही हे पण लक्षात घ्या. बोइंगनं स्वीडनच्या साब कंपनीला सोबत घेऊन २०१८ मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या टी-७ए या नव्या ट्रेनरचं कंत्राट मिळवलं, ३५१ विमानं, ४६ सिम्युलेटर, ९.२ अब्ज डॉलरपर्यंतची रक्कम. पुढे त्यात बोइंगला एक अब्जाच्या वर तोटा दाखवावा लागला आणि वेळापत्रक काही वर्षं मागे गेलं. अडचणींपैकी एक मोठी अडचण इजेक्शन सीटची होती, कारण हे विमान कमी वजनाच्या, लहान चणीच्या वैमानिकांना, म्हणजे मुलींना पण सुरक्षित हवं अशी अट होती आणि ती पूर्ण करायला घाम फुटला. मला विचाराल तर उशीर झाला तरी चालेल, ही अट बरोबरच आहे.

प्रश्न: मी मिहानमध्ये विमानदुरुस्तीत काम करतो. आपण चंद्रावर यान उतरवतो आणि पंख्याचं ट्रेनर विमान स्वित्झर्लंडहून आणतो, असं का? एचटीटी-४० खरंच हाती येणार आहे का?
— एक वाचक, मिहान परिसर

उत्तर: भाऊ, या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण यात आपली कितीतरी पोरं गेलीत.

आपल्याकडे शिकणाऱ्याच्या तीन पायऱ्या असतात. आधी पंख्याचं बेसिक विमान, मग किरणसारखं साधं जेट, मग ॲडव्हान्स्ड जेट आणि त्यानंतर फायटर. यातली तिसरी पायरी आपल्याकडे वर्षानुवर्षं नव्हतीच. हवाई दलातल्या अपघातांवरच्या १९८२ च्या ला फाँटेन समितीनं सांगितलं होतं की ॲडव्हान्स्ड जेट ट्रेनर घ्या, हॉकचं कंत्राट झालं २००४ मध्ये आणि पहिली विमानं बिदरला सेवेत आली २००८ मध्ये. मधल्या काळात किरणवर शिकलेली पोरं तेजपूरला थेट मिग-२१ वर बसायची, म्हणजे लुना शिकलेल्याच्या हातात एकदम रिकामा ट्रक देण्यासारखं. ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढच्या वेगानं धावपट्टीला टेकणारं ते विमान, त्यात चूक सुधारायला वेळच मिळत नाही. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ मध्ये सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेले, त्यानंतर त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी वर्षानुवर्षं हा विषय लावून धरला. अपघाताचा ठपका मेलेल्या पायलटवर ठेवून फाइल बंद करू नका, विमानाकडे आणि ट्रेनिंगकडे पण बघा, एवढंच त्या माउलीचं मागणं होतं. मराठी वाचकानं हे नाव विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या पायरीची गोष्ट पण दुखरीच आहे. आपलं एचपीटी-३२ दीपक हवेत इंजिन बंद पडण्यासाठी बदनाम होतं, १७ अपघातांत १९ वैमानिक गेले आणि २००९ मध्ये ते जमिनीवर बसवलं. मग काही वर्षं नवीन कॅडेट थेट किरणवर, आणि ती विमानं पण मोजकी, म्हणून उड्डाणाचे तास कापले. हा खड्डा भरायला २०१२ मध्ये स्वित्झर्लंडची ७५ पिलॅटस पीसी-७ घेतली, ती २०१३ पासून हैदराबादजवळ दुंडीगलच्या अकादमीत उडतायत. त्या क्षणाला दुसरा पर्याय नव्हता, म्हणून स्विस विमान घेण्याला मी चूक म्हणणार नाही, चूक त्याच्या आधीच्या वीस वर्षांत झाली.

आता आपलं विमान इतकं अवघड का गेलं ते सांगतो, तुम्ही दुरुस्तीतले आहात तर पटेल. ट्रेनरची खरी परीक्षा वेगात नसते, स्पिनमध्ये असते. इन्स्ट्रक्टर मुद्दाम नाक वर धरून वेग कमी करत नेतो, पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो, एक पंख आधी पडतो आणि विमान गिरक्या घेत खाली सुटतं. समोर आभाळ दिसत नाही, नुसती जमीन गोल फिरताना दिसते, आणि पोरानं घाबरून स्टिक पोटाशी ओढली तर गिरकी आणखी पक्की होते. थ्रॉटल मागे, गिरकीच्या उलट बाजूचा रडर (शेपटीचं पायानं चालवायचं सुकाणू) पूर्ण दाबायचा, स्टिक पुढे, गिरकी थांबली की रडर मध्ये आणि मग हळूच नाक वर. हे शिकवायचं तर विमान हुकमानं स्पिनमध्ये गेलं पाहिजे आणि दरवेळी हुकमानं बाहेर आलं पाहिजे. एचएएल या सरकारी विमान कंपनीचं सितारा, म्हणजे किरणच्या जागी यायचं जेट, २००३ मध्ये उडालं आणि याच स्पिनमध्ये अडकलं, वर्षं गेली, शेपटीत आणि बाकी रचनेत बदल करावे लागले. आता त्याला यशस असं नाव दिलंय, पण किरण अजून पूर्ण सुटलेलं नाही.

एचटीटी-४० मात्र मला आशेचं वाटतं. २०१६ मध्ये पहिलं उड्डाण, स्पिनच्या चाचण्या पार, मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचं ६,८०० कोटींच्या वरचं कंत्राट. अमेरिकेतून येणारी इंजिनं लांबली म्हणून डिलिव्हरी मागे गेली, तरी १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकला त्याची दुसरी लाइन सुरू झाली आणि २४ ऑक्टोबरला बंगळुरूत पहिलं उत्पादनातलं विमान उडालं. म्हणजे हाती येणार, हो. आणि यायलाच पाहिजे, कारण कॅगच्या अहवालानुसार हवाई दलात २०१५ मध्ये ४८६ पायलट कमी होते आणि २०२१ अखेर तो आकडा ५९६ वर गेला. परदेशात विकायची स्वप्नं जरूर बघावी, पण आधी दुंडीगलच्या अकादमीची गरज भागवा मग बाहेरच्या गिऱ्हाइकाकडे बघा असं माझं स्पष्ट मत आहे. तसंही जे विमान आपलंच हवाई दल रोज उडवत नाही ते दुसरा कशाला घेईल?

प्रश्न: सिम्युलेटर आणि व्हीआर इतके भारी झालेत, मग खऱ्या ट्रेनर विमानांची गरज कमी नाही का होणार?
— इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी, बजाजनगर

उत्तर: काही तास कमी होतील, विमानं नाही. अमेरिकन हवाई दलानं २०१८ मध्ये टेक्सासला व्हीआर हेडसेट देऊन शिकवायचा प्रयोग केला होता. चेकलिस्ट, रेडिओवरचं बोलणं, बटणांची सवय, इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे सगळं खोलीत बसून उत्तम शिकता येतं आणि पेट्रोल पण जळत नाही. पण वळणात अंगावर पाच-सहा जी येतात, म्हणजे शरीर पाच-सहा पट जड वाटतं, रक्त डोक्यातून खाली उतरतं, नजर कडेनं काळी होत जाते, अशा वेळी मान वळवून मागचं विमान शोधणं, ते खुर्चीत येत नाही रे. आणि खोलीत बसलेल्याला माहीत असतं की आपण मरणार नाही, त्यानं निर्णयात फरक पडतो.

प्रश्न: या सगळ्यात आपल्या नागपूरला काय मिळणार?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर: ट्रेनरची फॅक्टरी इथं नाही, ती नाशिक आणि बंगळुरूला. पण हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या वायुसेनानगरला आहे, टाटांनी मिहानमध्ये बोइंग ७८७ चे फ्लोअर बीम बनवले, दसॉच्या फाल्कनचे भाग इथं बनतात, एअर इंडियाच्या काळापासूनचा एमआरओ, म्हणजे विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचा कारखाना आहे. ट्रेनर हे दुरुस्ती खाणारं विमान आहे, एकाच उड्डाणात पोरगं अनेकदा टेकतं आणि परत उडतं, त्यामुळं टायर, ब्रेक, लँडिंग गिअर सतत झिजतात, आणि असं विमान तीस-चाळीस वर्षं चालतं. नागपूरच्या पोरांनी हायड्रॉलिक्स, कंपोझिटची दुरुस्ती, न तोडता केलेली धातूची तपासणी यात हात बसवावा, काम मिळेल.

प्रश्न: माझी मुलगी यंदा दहावीला आहे. वायुसेनानगरच्या एअर शोमध्ये सूर्यकिरणची विमानं पाहिली तेव्हापासून फायटर पायलटच व्हायचं म्हणते. घरात कोणी फौजेत नाही. सुरुवात कुठून करावी?
— एक आई, मानेवाडा

उत्तर: ताई, सूर्यकिरण म्हणजे हवाई दलाची कसरती करणारी टीम, आणि तिनं पाहिलेलं लाल-पांढरं विमान म्हणजे हॉकच, ज्यावर आपले फायटर पायलट शिकतात. अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या पहिल्या तिघी पण २०१६ मध्ये कमिशन मिळाल्यावर हॉकवरच पुढचं शिकल्या, आणि २०१८ मध्ये अवनींनी एकटीनं मिग-२१ उडवलं.

अकरावीला फिजिक्स आणि मॅथ्स घ्यायचंच, ते सोडलं तर दार बंद. बारावीनंतर एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), मुलींना २०२२ पासून प्रवेश आहे, जागा मोजक्या आहेत म्हणून तयारी पक्की हवी. नाशिकला मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व संस्था आहे, दहावीनंतर प्रवेश, अकरावी-बारावी तिथंच, त्याची जाहिरात कधी येते याकडे आत्तापासून लक्ष ठेवा. एनडीए नाही जमलं तर पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा, साधारण २० ते २४ वय. एनसीसीची एअर विंग मिळत असेल तर अवश्य घेऊ द्या.

दोन गोष्टी फार कमी लोक सांगतात. पायलटसाठी कमीत कमी उंची १६२.५ सेंटिमीटर लागते आणि पायाची लांबी, बसल्यावरची उंची पण मोजतात, कारण कॉकपिटमध्ये मावायचं असतं आणि रडरपर्यंत पाय पोचायचा असतो. ती अजून वाढतेय तेव्हा आत्ताच घाबरू नका, पण डोळे एकदा चांगल्या डॉक्टरकडून तपासून घ्या आणि रंग ओळखण्याची टेस्ट पण करून घ्या. दुसरं, एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीत, पायलट होण्याची जी कॉम्प्युटरवरची चाचणी असते, सीपीएसएस, ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झाली तर पायलट म्हणून परत संधी नाही, म्हणून सहज बघून येऊ म्हणून तिला पाठवू नका, तयारी झाल्यावरच जाऊ द्या.