वाचकांचे प्रश्न : घरी बसून उपासना पुरेशी नाही का?

प्रश्न : पाय मोडल्यामुळे मी तीन महिने घरात होते. त्या काळात आमच्या मंडळीतून (चर्चमधून) कोणीही भेटायला आले नाही. आता चालता येते, पण रविवारी मोबाईलवर उपासना ऐकते आणि मन शांत राहते. मंडळीत गेलेच पाहिजे का? – एक भगिनी, पुणे

उत्तर : प्रिय भगिनी, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुमची तक्रार खरी आहे आणि चूक मंडळीची आहे, हे आधी मान्य करतो. या प्रश्नावर नव्या करारातील इब्री लोकांस पत्रातले १०:२५ हे वचन दाखवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. एकत्र मिळणे सोडू नका, असे ते सांगते. मात्र गैरहजरांना दटावण्यासाठी ते वापरले जाते, तेव्हा त्याचा अर्धाच भाग वाचला जातो. ज्यांना ते लिहिले, त्यांनी विश्वासापायी मालमत्तेची लूट सोसली होती आणि ते थकले होते. त्यांना पुढे सांगितले आहे की, एकमेकांना बोध करा. बोध म्हटले की आपल्यापुढे व्यासपीठ उभे राहते. परंतु मूळ ग्रीक क्रियापद ‘जवळ बोलावणे’ या अर्थातून आलेले असून धीर देणे, विनवणे, सांत्वन करणे हे सारे त्यात सामावते. शिवाय ‘एकमेकांना’ म्हटल्यावर ते काम एकट्या पाळकांचे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचे, उरत नाही.

पहिल्या मंडळीतल्या बर्णबाकडे पाहा. ‘बोधपुत्र’ हे नाव त्याला प्रेषितांनी दिले, पण त्याचे एकही प्रवचन नव्या करारात पूर्ण नोंदलेले नाही. यरुशलेमेतले शिष्य पूर्वी छळ करणाऱ्या शौलाला (म्हणजेच पुढच्या पौलाला) भीत होते, तेव्हा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला तो बर्णबाच. पुढे सेवेच्या प्रवासात अर्ध्या वाटेवरून परतलेल्या मार्क या सोबत्याला पौलाने नाकारले, तर बर्णबा त्याला बरोबर घेऊन कुप्रास (सायप्रस बेटावर) गेला. आणि तोच मार्क सेवेसाठी उपयोगी आहे, असे पौलाने शेवटी आपला सहकारी तीमथ्य याला लिहिले. मोबाईलवरचा संदेश कितीही उत्तम असो, तुमच्या सोबत असा कोणी चालत येत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी आजारी असताना मंडळीतल्या एक आजी पिठल्याचा डबा घेऊन आल्या. प्रार्थना त्यांनी दोनच वाक्यांची केली आणि मग ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक मांडीवर ठेवून त्या तासभर नुसत्या बसून राहिल्या. त्या दिवशी मला दुसरे काही नको होते. (पिठले खारट होते, पण ते असो.)

म्हणून एकदम रविवारी जाण्याऐवजी सुरुवात घरापासून करा. पाळकांना फोन करून जे झाले ते रागावून का होईना, स्पष्ट सांगा. त्यांना कदाचित तुमच्या दुखण्याची माहितीही नसेल. पुढची कुटुंब-प्रार्थना आपल्या घरी ठेवायला सांगा आणि मंडळीत तुमच्यासारखेच दुरावलेले आणखी कोणी असेल, तर त्यांना स्वतः बोलवा. चहा मात्र आलेल्यांनाच करू द्या, तुमचा पाय अजून पुरता बरा झालेला नसणार.