अमेरिकेत महामार्गांना केंद्राचा पैसा कोणत्या कायद्याने मिळतो, आणि तिथले रस्ते इतके नीट कसे राहतात? भारतात असा निधी का नाही?

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर कुठेही सापडेल, म्हणून ते लवकर उरकतो. दुसऱ्या भागात मात्र रस्ते नीट राहतात हे आपण गृहीतच धरले आहे, आणि नेमकी तीच माझी दुखरी नस आहे. मी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एका राज्याच्या वाहतूक खात्यात, पुलांच्या विभागात, तेरा वर्षे नोकरी केली आणि त्यातला बराच काळ एका पुलावरच्या पाणी जाण्याच्या तुंबलेल्या भोकांवरून वरिष्ठांशी वाद घालण्यात गेला.

आधी कायदा. 1956 साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केलेल्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारायचे ठरले आणि त्याच वेळी महामार्ग विश्वस्त निधी स्थापन करून पेट्रोलवरचा केंद्रीय कर त्यात वळवण्यात आला. आंतरराज्य महामार्गांच्या खर्चात केंद्राचा वाटा 90 टक्के, इतर केंद्र-साहाय्यित रस्त्यांवर साधारणपणे 80 टक्के. रस्ते राज्यांच्या मालकीचे, निविदाही राज्यांच्याच. आधी राज्याने काम करून बिल भागवायचे आणि मग केंद्राकडे प्रतिपूर्ती मागायची, अशी रीत आहे. हा कायदा दर काही वर्षांनी नवे नाव घेऊन येतो. 2012 साली मॅप-21 आला, 2015 साली फास्ट ॲक्ट आला आणि 15 नोव्हेंबर 2021 रोजी बायडेन यांच्या सहीने पायाभूत सुविधा कायदा आला, ज्याची मुदत 30 सप्टेंबर 2026 ही आहे. मधल्या काळात संसदेचे एकमत झाले नाही की जुन्याच कायद्याला मुदतवाढ मिळते. 2009 पासून 2012 पर्यंत आमचे खाते अशा तुकड्यातुकड्यांच्या मुदतवाढींवरच चालले होते, आणि पुढच्या सहा महिन्यांत किती पैसे येतील हे ठाऊक नसताना पुढच्या दहा वर्षांचे नियोजन करण्याचे नाटक आम्ही सर्वजण मनापासून करत होतो.

भारतात असा निधी नाही हे आपले म्हणणे चुकीचे आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1928 साली पेट्रोलवर जादा कर बसवून तो रस्त्यांसाठी राखून ठेवण्याची शिफारस केली आणि 1929 साली केंद्रीय मार्ग निधी सुरू झाला. अमेरिकेने पेट्रोलवर केंद्रीय कर 1932 साली लावला, पण तो सर्वसाधारण तिजोरीत जात असे. रस्त्यांसाठी तो बांधून द्यायला 1956 उजाडले. म्हणजे या एका बाबतीत आपण 27 वर्षे पुढे होतो. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात ज्यांनी अभ्यास केला आहे, त्यांतील किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. आज त्या निधीला 2000 सालच्या कायद्याचा आधार आहे.

अमेरिकेचा निधी भरलेला असतो असाही समज करून घेऊ नये. पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनला 18.4 सेंट आहे आणि तो 1993 पासून एका सेंटनेही वाढलेला नाही. महागाईने त्याचे निम्म्याहून अधिक मोल खाल्ले, गाड्यांचे मायलेज वाढले, विजेवरच्या गाड्या तर हा कर भरतच नाहीत. परिणामी 2008 पासून सर्वसाधारण तिजोरीतून अडीचशे अब्ज डॉलरहून अधिक रक्कम या निधीत ओतावी लागली आहे. जो वापरतो तो भरतो, हे तत्त्व अजून भाषणांत आहे. दोन्ही पक्षांपैकी एकातही कर वाढवण्याची हिंमत नाही, यापलीकडे या विषयात काही खोल नाही.

आता त्या पुलाकडे येतो. एका ओढ्यावरचा तीन गाळ्यांचा साधा पूल, खाली पोलादी गर्डर म्हणजे तुळया, वर काँक्रीटचा डेक, म्हणजे ज्यावरून गाड्या जातात ती लादी. नियमाप्रमाणे दर 24 महिन्यांनी तपासणी व्हायची. (हा नियमही एका दुर्घटनेतून आला. 15 डिसेंबर 1967 रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून 46 जण गेले, त्यानंतर देशभर पुलांच्या तपासणीचे निकष ठरले.) 2013 सालच्या एप्रिलमध्ये मी त्या पुलावर पहिल्यांदा चढलो, तेव्हा कठड्यालगत हिवाळ्यातली वाळू, मीठ, सिगारेटची थोटके आणि एका गाडीचे व्हीलकॅप असा गाळ दाटून बसला होता, आणि पाणी जाण्याच्या सहा भोकांपैकी, ज्यांना आपल्याकडच्या बांधकाम खात्यात वॉटर स्पाउट म्हणतात, पाच पार बुजलेली होती. एका भोकात करंगळीएवढ्या जाडीचे झाड उगवले होते. बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठाचे पाणी भोकांतून खाली जाण्याऐवजी डेकवरून वाहत सांध्यापर्यंत येई आणि तिथून थेट गर्डरच्या टोकावर आणि ते टोक ज्यावर टेकते त्या बेअरिंगवर गळे. शिडी लावून मी हातोडीने गर्डर वाजवून पाहिला. मधल्या भागात पोलाद खणखणीत वाजत होते, टोकाला भद्द आवाज आला आणि गंजाची तळहाताएवढी खपली निघून माझ्या बाहीत पडली.

कार्यालयात येऊन मी जुने अहवाल काढले. 2009 आणि 2011 या दोन्ही अहवालांत एकच वाक्य होते: डेकवरील निचरा साफ करावा. अक्षरन् अक्षर सारखे. अहवाल लिहिणारे तेव्हा वेगळे होते, वाक्य मात्र एकाचे पाहून दुसऱ्याने उतरवलेले होते.

मी साहेबांकडे गेलो. ते हुशार होते, पुलांचे गणित माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत असे, आणि त्यांनी मला जे सांगितले ते मी आजही शब्दशः सांगू शकतो. केंद्राचा पैसा नित्याच्या देखभालीला चालत नाही. राज्याच्या देखभाल निधीत बर्फ काढण्याचा खर्च भागला तरी पुष्कळ. तेव्हा गर्डर सडू दे, दहा वर्षांनी आपण ते बदलू, आणि त्या कामाचे 80 टक्के वॉशिंग्टन देईल. यात त्यांना काही चुकीचे वाटत नव्हते. हिशेबाच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हतेही. राज्याच्या खिशातून सफाईचा सगळा खर्च करायचा, की वाट पाहून गर्डर बदलण्याच्या खर्चाचा पाचवा हिस्सा भरायचा, असा तो हिशेब होता, आणि अनेक दशके अमेरिकेतील राज्यांनी तो असाच केला आहे.

माझे म्हणणे असे होते की हा हिशेब कायद्याने केव्हाच मोडीत काढला आहे. नित्याची देखभाल आणि प्रतिबंधक देखभाल या दोन गोष्टींत कायदा फरक करतो. 1991 आणि 1995 सालच्या कायद्यांनी प्रतिबंधक देखभालीला केंद्राचा निधी खुला केला. अट एवढीच की त्या कामाने रस्त्याचे किंवा पुलाचे आयुष्य किफायतशीरपणे वाढते हे राज्याने दाखवून द्यावे. सुचेल तेव्हा भोके साफ केली तर ती नित्याची देखभाल. ठरावीक पुलांवर, ठरावीक कालावधीने, कारण लिहून, आराखड्यात घालून साफ केली तर ती प्रतिबंधक देखभाल. खोरे तेच, चिखलही तोच, फरक फक्त कागदाचा. मी तीन पानांचे टिपण लिहून दिले. ते परत आले तेव्हा समासात लाल शाईने ‘नाही’ एवढेच लिहिलेले होते.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी आणि एक तंत्रज्ञ सहकारी खोरे, पहार आणि बादल्या घेऊन त्या पुलावर गेलो आणि सहाही भोके मोकळी केली. दोन तास लागले. झाड मुळासकट निघेना म्हणून ते करवतीने कापले. रस्ता बंद करण्याची परवानगी, फलक, शंकू यांतले काहीही न घेता आम्ही महामार्गावर काम केले होते, एका गस्तीवरच्या पोलिसाने ते कळवले, आणि सोमवारी मला लेखी ताकीद मिळाली. ती ताकीद योग्यच होती; कोणी गाडीखाली आले असते तर माझी सगळी तत्त्वे कुचकामी ठरली असती. त्याच आठवड्यात फोनवर मी हे वडिलांना सांगितले. ते सातारा जिल्ह्यात बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग तुमच्या त्या रस्त्याला मैलकुली नाही काय रे?” त्यांच्या काळी प्रत्येक टप्प्यावर एक मैलकुली नेमलेला असे आणि पावसाळ्याच्या आधी गटारे व मोऱ्या मोकळ्या करणे हे त्याचेच काम असे. ती पदे आता महाराष्ट्रातही जवळजवळ संपली आहेत, हे त्यांनीच पुढे खिन्नपणे सांगितले.

मॅप-21 ने काय बदलले, हे आता सांगता येईल. या कायद्याने प्रत्येक राज्याला राष्ट्रीय महामार्ग प्रणालीवरील, म्हणजे देशभरातील सुमारे 2 लाख 20 हजार मैल मुख्य रस्त्यांपैकी आपल्या हद्दीतल्या, रस्त्यांच्या पृष्ठभागाचा आणि पुलांचा जोखीम धरून केलेला मालमत्ता व्यवस्थापन आराखडा, म्हणजे ते कसे राखायचे याचे दीर्घ मुदतीचे नियोजन, सक्तीचा केला. आराखडा नसेल किंवा तो अमलात आणला नसेल, तर त्या प्रणालीवरील मुख्य निधीतला केंद्राचा वाटा 65 टक्क्यांवर येतो. नियमावली 2016 साली निघाली आणि संपूर्ण आराखडे 30 जून 2019 पर्यंत द्यायचे होते. त्यात किमान दहा वर्षांचे आर्थिक नियोजन लागते, आणि मालमत्तेच्या पूर्ण आयुष्याचा खर्च मांडावा लागतो. ‘जो सर्वांत वाईट, तो आधी’ हा आमच्या साहेबांचा आवडता क्रम त्या मांडणीत टिकत नाही, कारण बऱ्या अवस्थेतला पूल बराच ठेवायला लागणारा पैसा हा सडलेला पूल बदलण्याच्या मानाने किरकोळ असतो. याशिवाय दंडाची तरतूद आहेच: राज्यातील प्रणालीवरच्या पुलांच्या एकूण डेकपैकी 10 टक्क्यांहून अधिक क्षेत्र सलग तीन वर्षे वाईट श्रेणीत राहिले, तर निधीतील ठरावीक रक्कम फक्त पुलांसाठी बाजूला काढावी लागते.

एवढे असूनही आराखडा हा आराखडाच असतो. 28 जानेवारी 2022 रोजी सकाळी पिट्सबर्गमधला फर्न हॉलो पूल कोसळला. त्याच दिवशी बायडेन पायाभूत सुविधांवर बोलायला त्या शहरात येणार होते. एक बस आणि काही मोटारी खाली गेल्या, पण सुदैवाने कोणी दगावले नाही. तो पूल न रंगवता वापरायच्या पोलादाचा होता, ज्याच्यावर गंजाचाच एक संरक्षक थर बसतो, मात्र पोलाद सतत ओले राहिले तर तो थर बसत नाही. 2011 पासून पुलाची श्रेणी वाईट होती. तुंबलेल्या निचऱ्याचे पाणी आणि कचरा पायांशी साचत राहिला, तपासनीसांनी वर्षानुवर्षे तो काढायला सांगितले आणि मालक असलेल्या शहराने ते केले नाही, असे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निघाले. ते वाचताना मला पुढचे वाक्य आधीच ठाऊक होते.

काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. 1 ऑगस्ट 2007 रोजी मिनियापोलिसचा आंतरराज्य महामार्गावरचा पूल पडून 13 जण गेले, तो मूळ संकल्पनातच सांध्यांच्या पट्ट्या पातळ ठेवल्यामुळे. तिथे कितीही भोके साफ करून उपयोग झाला नसता. शिवाय मी ज्या पुलाबद्दल बोलतो आहे, तो पडण्याच्या बेतात कधीच नव्हता. मी 2016 साली खाते सोडले आणि आता सल्लागार कंपनीत असेच आराखडे करून देण्याचे पैसे घेतो, तेव्हा त्यांची तारीफ करण्यात माझा स्वार्थ आहे, हेही लक्षात घ्यावे.

आपण विद्यार्थी असाल आणि या विषयावर काही लिहिणार असाल, तर निधी किती आला हे विचारत बसू नका. एखादा पूल निवडा, त्याचे लागोपाठचे तीन तपासणी अहवाल मिळवा आणि कोणते वाक्य तिन्हींत तसेच आहे ते पाहा. महाराष्ट्रात हे माहितीच्या अधिकारात मिळू शकते. आणि देखभालीला पैसा चालत नाही असे कोणी सांगितले, तर नियमाचे नेमके कलम दाखवा म्हणावे. मी ते विचारायला दोन वर्षे उशीर केला.

फर्न हॉलो कोसळल्यानंतरच्या आठवड्यात माझ्या निवृत्त साहेबांचा अचानक ईमेल आला. सहा वर्षांत पहिलाच. तुझ्या त्या पुलाची भोके हल्ली कोण साफ करते, एवढेच त्यांनी विचारले होते. मी खात्याच्या संकेतस्थळावरून पूल धुण्याच्या वार्षिक कंत्राटाची कागदपत्रे उतरवून घेतली. यादीत सतराव्या क्रमांकावर तोच पूल होता, काम दर एप्रिलमध्ये, आणि निधीच्या रकान्यात केंद्राचा वाटा 80 टक्के असे छापलेले होते. ते पान मी त्यांना पाठवले. अजून उत्तर आलेले नाही.