घाटात उभं राहून दिसतं काय?

प्रश्न: मी एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालो. मुलगा फ्रान्समध्ये ग्रेनोबलला असतो, जुलैत आम्ही नवरा-बायको त्याच्याकडे जाणार आहोत. तो म्हणतो, "बाबा, तूर द फ्रान्स बघायला घाटात जाऊ." मी ती सायकल शर्यत टीव्हीवर बघतो. हेलिकॉप्टरमधून सगळं दिसतं. रस्त्यावर म्हणे सायकलवाले झपकन निघून जातात. मग सहा-सात तास उन्हात ताटकळायचं कशाला? शिवाय हिचे गुडघे दुखतात.
— एक वाचक, वाई

उत्तर: काका, सपाट रस्त्याला उभे राहिलात तर तुमची शंका शंभर टक्के खरी ठरेल. मी ग्रेनोबलला राहायला आले त्या वर्षीची माझी पहिली खेप अशीच वाया गेली. सूर्यफुलांच्या शेताकडेला तीन तास थांबले. शर्यतीच्या साधारण दोन तास आधी जाहिरातींच्या सजवलेल्या गाड्यांचा ताफा जातो. १९३० पासूनची पद्धत आहे ही. त्यातून टोप्या, कीचेन, सॉसेजची पाकिटं फेकतात आणि एरवी शिष्ट वाटणारे फ्रेंच आजोबा त्यासाठी गटारात उतरतात. मलाही गवतात एक कीचेन दिसली. ती उचलायला वाकले आणि नेमका तेव्हाच सायकलवाल्यांचा घोळका आला. मान वर करेपर्यंत शेवटच्या मोटारीचा मागचा दिवा दिसत होता. कीचेन अजून आहे.

घाटाचं मात्र वेगळं आहे. सपाटीला पुढचा गडी वारा कापतो आणि मागच्यांचे कष्ट तिसऱ्या हिश्शाने तरी वाचतात, म्हणून सगळे एकमेकांना चिकटून पळतात. चढाला वेग उतरला की वाऱ्याची ती सवलत जवळजवळ संपते. मग ज्याची त्याची फुप्फुसं आणि ज्याचे त्याचे पाय. घोळका फुटतो, माणसं एकेकटी, दोघं-तिघं अशी येतात. तुमच्यापासून हातभर अंतरावरून.

ग्रेनोबलहून जवळचा प्रसिद्ध घाट म्हणजे आल्प द्युएझ. १३.८ किलोमीटर, सरासरी चढ आठ टक्क्यांच्या पुढे, एकवीस हेअरपिन. वळणांना आकडे आहेत, पण उलटे: पायथ्याशी २१, माथ्यावर १. प्रत्येक वळणावर तिथे जिंकलेल्यांच्या नावाची पाटी. १९५२ साली शर्यत पहिल्यांदा इथे चढली तेव्हा इटलीचा फाउस्टो कोप्पी जिंकला. पुढे १९७६ ते १९८९ या काळात डच लोकांनी आठ वेळा बाजी मारली, म्हणून सातवं वळण त्यांचं. नारिंगी कपडे, ढणढण गाणी, बिअर. गुडघे दुखणाऱ्या माणसाने तिकडे न फिरकलेलं बरं.

१४ जुलै २०२२ ला मी बरीच खाली, ला गार्द गावाच्या आसपास उभी होते. आधी हेलिकॉप्टरची घरघर, मग पोलिसांच्या मोटारसायकली, मग वरच्या बाजूची माणसं एकदम ओरडायला लागली. पुढचे गेले. त्या दिवशी इंग्लंडचा टॉम पिडकॉक जिंकला, पण ते मला संध्याकाळी कळलं. मला आठवतं ते एकाच्या काळ्या चड्डीवर वाळलेलं पांढरं मीठ. आणि मागोमाग टपावर सायकली लादलेल्या संघांच्या मोटारी, फर्स्ट गिअरमध्ये रखडत, क्लच जळल्याचा वास सोडत. पसरणी घाटात ज्याने आयुष्य काढलं त्याला तो वास मी काय सांगणार!

आता तुमच्या खास कामाचं. पुढचे गेले म्हणून उठू नका. बऱ्याच वेळाने तीस-चाळीस जणांचा एक जथा येतो. धिप्पाड गडी, सपाटीचे राजे, पण चढाला लंगडे. या जथ्याला फ्रेंचमध्ये चक्क 'ओतोब्युस' म्हणतात, म्हणजे बस! पहिला पोहोचल्यापासून ठरलेल्या वेळात माथा गाठला नाही तर दुसऱ्या दिवशी घरी. म्हणून एखादा मुरलेला खेळाडू मनात हिशेब धरून सगळ्यांना एका वेगात वर नेतो. फार जोरात नाही, कुणी मागे पडायला नको. फार हळू नाही, वेळ चुकायला नको. वेळापत्रक सांभाळून भरलेली गाडी घाट चढवणं, दुसरं काय? टीव्हीवर तेव्हा विजेत्याची मुलाखत चाललेली असते, त्यामुळे हे फारसं दिसतच नाही. आणि सगळ्यात मागे 'झाडूगाडी', थकून उतरलेल्यांना गोळा करणारी. पूर्वी तिला खरंच झाडू बांधलेला असे.

तिकीट नाही. मार्ग आदल्या ऑक्टोबरात जाहीर होतो, त्या वर्षी जवळ कुठला घाट आहे ते मुलाला बघायला सांगा. गाड्यांना रस्ता फार लवकर बंद होतो, तेव्हा पहाटेच निघा आणि पायथ्यापासून थोडंसंच चाला. काकूंसाठी घडीची खुर्ची, छत्री, दुपारचा डबा. वर काही विकत मिळेल या भरवशावर राहू नका. आणि एक कळकळीचं: शर्यतीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. २०२१ साली पहिल्याच टप्प्यात, म्हणजे पहिल्याच दिवशी, एका बाईंनी कॅमेऱ्याकडे बघत पुठ्ठ्याची पाटी रस्त्यात धरली आणि निम्मा घोळका आडवा झाला. २०१८ ला याच आल्प द्युएझवर निबालीसारखा माजी विजेता गर्दीत पडला आणि मणका मोडून घरी गेला. फोन खिशात.

प्रश्न: एकही टप्पा न जिंकता पिवळी जर्सी कशी काय मिळते?
— कॉलेज विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: कारण तूर द फ्रान्समध्ये सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज होते आणि सर्वांत कमी वेळवाला पहिला, पिवळी जर्सी त्याचीच. रोज तिसरी-चौथी आलीस तरी चालेल, फक्त घड्याळ सोडायचं नाही. १९९० ला ग्रेग लिमाँड, २०१७ ला ख्रिस फ्रूम असेच जिंकले. घाटांच्या गुणांची लाल ठिपक्यांची जर्सी निराळी. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीतला 'घाटाचा राजा' समज. आणि बेरीज किती बारीक असते बघ: १९८९ ला तीन हजारांहून जास्त किलोमीटरनंतर लिमाँडने फ्रान्सच्या फिन्योंला हरवलं ते आठ सेकंदांनी. शेवटच्या दिवशी सकाळी तो पन्नास सेकंद मागे होता.