दुधाचा खाडा, फोटोचा खाडा

"मॅडम, माझ्या हातून आजवर एकही गोष्ट तडीस गेलेली नाही."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच शुभदाताईंनी हे सांगून टाकलं आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला. यादी करून आणली होती. पेटीची प्रवेशिका प्रथम दिली, पुढची राहिली. मराठी टायपिंग तीसचं पास, इंग्रजी चाळीसला बसल्याच नाहीत. लेकीसाठी विणायला घेतलेला स्वेटर, लेकीची बारावी झाली तरी एका बाहीचाच. योगवर्ग तीनदा लावला, तीनदा सोडला. आणि सगळ्यात खाली, बाकीच्या ओळींपेक्षा जरा ठळक अक्षरांत : रोज एक फोटो.

(नाव अर्थातच बदललं आहे, आणि हे लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे. "माझ्यासारख्या पुष्कळ असतील," म्हणाल्या. आहेत. डायरी, चालणं, सूर्यनमस्कार, जप, काहीही असो. एक दिवस चुकतो आणि मग सगळंच सुटतं, माझ्यात चिकाटीच नाही का, असं विचारणारं कुणी ना कुणी महिन्यातून दोनदा तरी समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेलं असतं.)

शुभदाताई ५२ वर्षांच्या, राहायला सांगलीत. लेक नोकरीला हैदराबादला गेली आणि जाताना तिचा जुना फोन आईला देऊन गेली. "आई, रोज घरातला एक फोटो पाठवत जा," एवढंच म्हणाली होती ती. ताईंनी त्याचं व्रत केलं. २०२४चा पाडवा ९ एप्रिलला होता. त्या दिवसापासून पुढच्या पाडव्यापर्यंत रोज एक फोटो. त्याच दिवशी काढलेला, स्वतः काढलेला, आणि खाली आकडा : दिवस १, दिवस २. लेकीला पाठवायचाच, शिवाय व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावायचा.

त्यांनी मला फोन दिला आणि मी फोटो मागून पुढे बघत गेले. पहिल्या महिन्यातले रंगीत : कैरीच्या फोडी, गच्चीवरची कुरडई, बोगनवेल. मग नजर बसत गेलेली दिसते. जूनमधला एक मला अजून आठवतो. ओट्यावर उपडं घातलेलं पातेलं, बुडाशी अर्धचंद्रासारखा पाण्याचा ओघळ, आणि खिडकीच्या जाळीतून आलेलं ऊन पातेल्याच्या काठावर एकाच ठिकाणी अडकलेलं.

"हा किती वाजता काढलात?"

"पावणेआठ. त्यानंतर दहा मिनिटांत ऊन शेजारच्यांच्या टाकीमागे जातं."

हे कळायला त्या ओट्यापाशी किती सकाळी उभं राहावं लागलं असेल! पण तेव्हा मी काही बोलले नाही. समोरचं माणूस स्वतःला नावं ठेवायला पूर्ण तयारी करून आलेलं असलं की आपलं कौतुक त्याच्या अंगावरून निथळून जातं.

आधी मी झोप, भूक, रडू येणं, कशातच मन न लागणं, हे सगळं विचारून घेतलं. ते ठीक होतं. हे मी नेहमी पहिल्यांदा विचारते, कारण छंद सुटणं हा कधीकधी नुसता वरचा बुडबुडा असतो. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, आवडीचं काहीच नकोसं होतंय, असं असेल तर प्रश्न फोटोचा नसतो. तिथे डॉक्टरांना गाठावं, निदान टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला, १४४१६ वर, फोन तरी लावावा. इथे तसं नव्हतं.

आणि तरी मी चुकले.

मी त्यांना एक ठराविक वेळ धरायला सांगितली. सकाळचा चहा झाला की फोटो, वर फोनमध्ये गजर. पुस्तकातला सल्ला, तसा वाईट नाही. पंधरा दिवसांनी आल्या त्या आणखी ओढलेला चेहरा घेऊन. सहा दिवस फोटो काढले, सातव्या दिवशी गजर वाजला तेव्हा हात कणकेत. तो बंद केला, विसरल्या, आणि पुन्हा बंद. "बघा, तुम्ही सांगूनसुद्धा जमलं नाही." म्हणजे त्यांच्या यादीत मी आणखी एक ओळ वाढवून दिली होती.

मग मला जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. पहिला दिवस चुकला तो कोणता?

बराच वेळ त्या पर्सची चेन लावत-उघडत बसल्या.

२३ ऑगस्ट. श्रावणातला शुक्रवार. जिवतीच्या कागदाला आघाडा-दुर्व्यांची माळ घातली होती आणि पुरणाच्या दिव्यांचा फोटो काढायचा, हे आदल्या रात्रीच ठरलेलं. दुपारी मिरजेहून भावजयीचा फोन आला, आई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड. रिक्षा, दवाखाना, एक्स-रे, भावाबरोबर कागदपत्रं. रात्री सव्वाबाराला बाकावर टेकल्यावर त्यांना आठवलं, आजचा फोटो राहिला.

इथवर कुणाच्याही बाबतीत घडेल. पुढचं त्यांनी लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला ऑपरेशनला आत नेलं. शुभदाताई खोलीत एकट्या. कॉटशेजारच्या लोखंडी कपाटावर स्टीलचा पेला, त्यावर झाकण म्हणून पालथी वाटी, आणि रुमालात गुंडाळलेल्या, आईच्या हातातून काढून दिलेल्या दोन काचेच्या बांगड्या. ताईंनी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख एक दिवस मागे नेली. त्या तिघांचा फोटो काढला. व्हॉट्सॲप लगेच कुरकुरलं, तुमच्या फोनची तारीख चुकीची आहे म्हणून. मग तारीख परत जागेवर आणली आणि संध्याकाळी तो फोटो लावून टाकला : दिवस १३७.

"आई आत टेबलावर, आणि मी बाहेर तारखेशी खेळत होते. कशी बाई असेल मी?"

म्हणजे ही सगळी गोष्ट चिकाटीची नव्हतीच. पुढचे आठ-नऊ दिवस त्या फोटो काढत राहिल्या, पण आकडा लिहिताना दर वेळी तो १३७ आडवा यायचा. खोट्या हजेरीवर पुढची हजेरी लावल्यासारखं. सप्टेंबर लागला आणि त्यांनी हात टेकले. घरच्यांना वाटलं, नेहमीप्रमाणे कंटाळली. दीर आधीपासूनच गंमत करत असत, "वहिनी, आज परत पातेलं का?" आता ते म्हणाले, "पातेलं संपलं वाटतं." बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हतं, पण ते वाक्य ताईंच्या कानात महिनाभर होतं.

मी विचारलं, "ऑपरेशन किती वेळ चाललं?"

"अडीच तास."

"त्यातला फोटोत किती वेळ गेला?"

त्यांनी खरंच हिशेब केला. "तारीख बदलून, काढून... चार मिनिटं. पाच धरा."

"आणि उरलेला वेळ?"

"रामरक्षा म्हणत होते. अकरा वेळा झाली. मग मोजायचं सोडून दिलं."

हे बोलताना त्या पहिल्यांदा रडल्या. ऑगस्टनंतर आईच्या पडण्यावर त्या रडल्याच नव्हत्या. सगळं फोटोच्या खात्यावर टाकून मोकळ्या झाल्या होत्या. त्या दिवशी आम्ही फोटोबद्दल फारसं बोललोच नाही, आईंबद्दल बोललो. आई तोवर वॉकर धरून अंगणापर्यंत यायला लागल्या होत्या, पण ताईंच्या डोळ्यांपुढे अजून न्हाणीघरच होतं.

पुढच्या भेटीत मात्र मूळ काळजीला हात घातला. एक दिवस चुकला की सगळं का सुटतं?

उपासाचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. सकाळी चुकून पोळीचा तुकडा तोंडात गेला की "आता मोडलाच आहे उपास" म्हणत माणूस संध्याकाळी मिसळ चापतं. १९७५च्या सुमाराला मानसशास्त्रज्ञांनी वजन राखणाऱ्यांवर असाच प्रयोग केला होता. आधी त्यांना मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग पुढ्यात आइस्क्रीम ठेवलं, हवं तेवढं खा म्हणून. पोट भरलेलं, तर कमी खावं ना? पथ्यवाल्यांनी, मिल्कशेक न प्यायलेल्या पथ्यवाल्यांपेक्षा, जास्तच खाल्लं. घोट गेला, पथ्य मोडलं, मग आता मागे कशाला राहायचं. दिवस वाया जातो तो त्या घोटाने नाही, "मोडलंच आहे"ने.

"पण माझा भाचा म्हणतो २१ दिवस केलं की सवय लागते. मी १३६ केले!"

हे २१ दिवसांचं खूळ फार माजलं आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर रोग्याला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. १९६० साली ते छापून आलं. त्यातलं 'किमान' गळालं, चेहरा गळाला, आकडा तेवढा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या सवयी १२ आठवडे तपासल्या, तेव्हा सवय अंगात मुरायला लागणारा काळ, पुढचा अंदाज बांधून, कुणाचा १८ दिवस निघाला तर कुणाचा २५४. मधला आकडा ६६. आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

ताईंना आकड्यांनी फारसं समाधान झालेलं दिसलं नाही. मी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवलं. "तुमच्या घरी दुधाचे खाडे लिहिता ना? दूधवाला एक दिवस आला नाही म्हणून रतीब बंद करता का?"

मला वाटलं, छान उदाहरण सुचलं.

"मॅडम, दुधाचा खाडा लिहितो तो महिन्याला पैसे वजा करायला," त्या म्हणाल्या. "ह्याचे कोण वजा करणार?"

मी हसले आणि त्याही हसल्या. पण शब्द त्यांना चिकटला. खाडा. आपल्या भाषेत त्याला शिवीचा वास नाही. कामवाल्या मावशींचा खाडा, दुधाचा खाडा. लिहायचा आणि पुढच्या तारखेला जायचं.

कुणी हे असलं सलग केलंय तरी का, असं त्यांनी विचारलं. केलंय. बॉस्टनचे छायाचित्रकार कार्ल बेडन २३ फेब्रुवारी १९८७पासून रोज स्वतःच्या चेहऱ्याचा एक फोटो काढत आले आहेत. त्यांचाही एक दिवस राहिला, १५ ऑक्टोबर १९९१. ना दवाखाना, ना अपघात, चक्क विसरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढचा फोटो काढला. ताईंनी ती तारीख मला पुन्हा सांगायला लावली आणि यादीच्या कागदामागे लिहून घेतली. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टनबद्दलही सांगितलं. ३१ मार्च १९७९पासून रोज एक पोलरॉइड, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, २५ ऑक्टोबर १९९७ला, ते गेले त्या दिवसापर्यंत. शेवटच्या दिवसांतल्या फोटोंत दवाखानाही आहे.

"म्हणजे दवाखान्यातला फोटो चालतो."

"तुमच्या पेल्याचा फोटो मला सगळ्यात चांगला वाटला," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

बाकी आम्ही ठरवलं ते थोडंच. स्टेटस बंद, फोटो फक्त लेकीला. स्टेटस किती जणांनी पाहिलं, ती यादी त्या रात्री झोपण्याआधी बघत, हे सहज बोलता बोलता निघालं होतं. लेकीसाठी सुरू झालेला फोटो सत्तेचाळीस जणांपुढे परीक्षेला बसू लागला होता. आकडा लिहायचा नाही, तारीख लिहायची. मी तर म्हणाले होते, वाटल्यास आठवड्याला तीनच काढा. ते त्यांनी साफ नाकारलं. "रोज म्हणजे रोज. खाडा पडला तर पडला." त्यांचंच बरोबर होतं. कमी केलं असतं तर तो छंद त्यांचा राहिला नसता, माझा गृहपाठ झाला असता.

२३ ऑगस्टचं काय करायचं, हे मी त्यांच्यावर सोडलं.

निघताना दारात चप्पल घालता घालता त्या थांबल्या. "मॅडम, पंचांगातसुद्धा तिथीचा क्षय होतो की. एकाही सूर्योदयाला सापडत नाही ती तिथी, आणि पुढची लागते." हे मला आधी सुचलं असतं तर दुधावरून फजिती झाली नसती.

पुढे दोन-तीनदाच भेट झाली. २०२५चा पाडवा ३० मार्चला होता, म्हणजे त्यांनी धरलेले ३६५ तसेही भरणार नव्हते, ३५५च होते. हे त्यांना आधीच्या दिवाळीत लक्षात आलं आणि त्यावर त्या स्वतःशीच हसल्या म्हणे. पाडव्यानंतर आठवड्याभराने त्या डब्यात श्रीखंड आणि पिशवीत गुंडाळी केलेलं जुनं कालनिर्णय घेऊन आल्या. ऑक्टोबरपासूनच्या पानांवर तारखांच्या चौकटींत निळ्या पेनाने कुठे 'दू', कुठे 'फो'. एका तारखेला दोन्ही. डिसेंबरात 'फो' ओळीने चार दिवस, ताप आला होता.

मग त्यांनी ऑगस्टचं पान उलगडलं. २३च्या चौकटीत नव्या शाईने 'फो' लिहिलं होतं. २४च्या चौकटीत, अक्षर बारीक करून, 'आईचा पेला'.